जुन्या कॉम्प्युटरला एक्स्टर्नल हार्ड डिस्क: पोर्ट, वीज, पार्टिशन आणि सांभाळ

जुन्या कॉम्प्युटरला नवी एक्स्टर्नल डिस्क जोडली आणि ती दिसलीच नाही, किंवा दिसून लगेच गायब झाली, की डिस्क खराब निघाली असं समजून ती परत करण्याची घाई होते. अडचण बहुतेकदा डिस्कमध्ये नसते. पोर्टचा वेग, पोर्टमधून मिळणारी वीज आणि डिस्कवर पार्टिशन (म्हणजे जागेची विभागणी) कोणत्या पद्धतीने केलं आहे, या तीन गोष्टी आधी तपासायच्या. एकही फाइल कॉपी करण्यापूर्वी हे तपासून घेतलं तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो. जुनं मशीन काय झेपवू शकतं हे आधी ठरवायचं आणि मग त्याला साजेशी डिस्क घ्यायची.

पोर्ट कोणता आहे ते ओळखा

यूएसबी १.१ चा कागदावरचा वेग सेकंदाला १२ मेगाबिट (८ मेगाबिट म्हणजे १ एमबी). प्रत्यक्षात फाइल कॉपी होते ती सेकंदाला साधारण १ एमबीने. यूएसबी २.० कागदावर ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात ३० ते ३५ एमबी. हा फरक किती मोठा आहे ते हिशेबाने पाहा: २०० जीबीचे फोटो आणि व्हिडिओ २.० वर दोन तासांच्या आत उतरतात, १.१ वर त्यालाच ५५ तासांहून जास्त लागतात. इतका वेळ जुनं मशीन अखंड चालू ठेवणं हीच एक जोखीम आहे.

विंडोजमध्ये हे पाहायला 'माय कॉम्प्युटर'वर राइट क्लिक करून 'मॅनेज', मग 'डिव्हाइस मॅनेजर', आणि सगळ्यात खाली 'युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स' उघडा. तिथे 'एन्हान्स्ड होस्ट कंट्रोलर' असं नाव दिसलं तर मशीनमध्ये यूएसबी २.० आहे. नुसते 'युनिव्हर्सल होस्ट कंट्रोलर' किंवा 'ओपन होस्ट कंट्रोलर' दिसले तर दोन शक्यता असतात. एक तर हार्डवेअर १.१ चं आहे, किंवा २.० चा ड्रायव्हर बसलेला नाही. विंडोज एक्सपीला २.० साठी किमान सर्व्हिस पॅक १ लागतो. सर्व्हिस पॅक ३ टाकून घेतलेलाच बरा, कारण पुढच्या बऱ्याच गोष्टी त्यावर अवलंबून आहेत. डिस्क लावल्यावर कोपऱ्यात 'हाय-स्पीड डिव्हाइस नॉन-हाय-स्पीड हबला जोडलं आहे' असा फुगा आला तर विंडोज वेगाबद्दलच सांगत असते. तो फुगा बंद करून पुढे जाऊ नका.

मदरबोर्डच्या चिपसेटमध्येच यूएसबी २.० येऊ लागलं ते साधारण २००२ पासून. त्याआधीच्या डेस्कटॉपमध्ये पीसीआय स्लॉटला यूएसबी २.० चं कार्ड बसवता येतं. एनईसी चिपची कार्डं जुन्या बोर्डांशी चांगली जुळतात. लॅपटॉपमध्ये कार्डबस स्लॉट (कडेला कार्ड सरकवायची खाच) असेल तर तसलं कार्ड मिळतं, पण तो स्लॉट डिस्क फिरवण्याइतकी वीज क्वचितच देतो. म्हणून कडेला ५ व्होल्टच्या अडॅप्टरसाठी वेगळं छिद्र असलेलंच कार्ड घ्या.

जरा नव्या, पीसीआय एक्स्प्रेस असलेल्या मशीनला यूएसबी ३.० चं कार्ड लावता येतं. पहिल्या पिढीचा एकपदरी स्लॉट सेकंदाला २५० एमबीपर्यंतच नेतो, त्यामुळे ३.० चा पूर्ण वेग मिळणार नाही, पण फिरणाऱ्या डिस्कला तेवढा पुरून उरतो. एक खबरदारी घ्या. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३.० चा ड्रायव्हर मुळात नसतो, तो विंडोज ८ पासून आला. कार्ड घेण्याआधी तुमच्या विंडोजसाठी ड्रायव्हर मिळतो का ते पाहा.

डिस्कवर ३.० लिहिलं असलं तरी ती २.० च्या पोर्टवर चालते, फक्त पोर्टच्या वेगाने.

विंडोज ९८ चं मशीन असेल तर आमचा सल्ला वेगळा आहे. त्यात यूएसबी डिस्कसाठी सर्वसाधारण ड्रायव्हरच नाही आणि नव्या डिस्कबरोबर तो मिळणार नाही. त्यापेक्षा आतली आयडीई (जुन्या, रुंद पट्टीच्या केबलची) डिस्क काढा, तिचा जंपर (पिनांवरची छोटी टोपी) 'मास्टर'वर ठेवा आणि आयडीई ते यूएसबी अडॅप्टरने ती नव्या कॉम्प्युटरला जोडून सगळा डेटा तिथेच उतरवून घ्या. साडेतीन इंची डिस्कला ४० पिनांचा आणि लॅपटॉपच्या अडीच इंचीला ४४ पिनांचा कनेक्टर लागतो. दोन्ही असलेला अडॅप्टर घ्या.

वीज: सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो

यूएसबी २.० च्या पोर्टने ५०० मिलिअँपिअर द्यायचे असतात, ३.० ने ९००. अडीच इंची डिस्क एकदा फिरायला लागली की तिचं थोडक्यात भागतं, पण बंद अवस्थेतून फिरायला लागताना क्षणभर ती १ अँपिअरच्या आसपास ओढू शकते. धडधाकट पोर्ट तो झटका सहन करतो. जुन्या मशीनमध्ये पॉवर सप्लाय थकलेला असतो, पुढच्या पॅनेलचे पोर्ट आतल्या बारीक वायरने बोर्डला जोडलेले असतात, आणि डिस्कपर्यंत पोचेपोचेतो व्होल्टेज ५ वरून घसरतं.

लक्षणं ठरलेली असतात. डिस्क 'टिक्' किंवा 'चिक्' असा आवाज करून थांबते आणि पुन्हा सुरुवात करते. दिवा लुकलुकतो पण ड्राइव्ह दिसत नाही. छोट्या फाइल जातात, मोठी फाइल लिहिताना मध्येच 'डिलेड राइट फेल्ड' असा संदेश येतो. खराब डिस्कही असाच आवाज करते, म्हणून निदान करण्याआधी वीज बदलून पाहायची. तीच डिस्क दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवर शांतपणे चालली तर प्रश्न मिटला, दोष तुमच्या मशीनच्या पोर्टात आहे.

उपाय याच क्रमाने करा. डिस्क मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा. केबल आखूड वापरा, अर्ध्या मीटरच्या आतली. त्याने भागलं नाही तर दोन तोंडांची वाय केबल घ्या आणि तिची दोन्ही टोकं मशीनला लावा. वीज नेणारं टोक आधी, डेटाचं नंतर. तरीही जमलं नाही तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब, ५ व्होल्ट आणि किमान २ अँपिअरचा. अडॅप्टरशिवायचा हब मात्र उलट नुकसान करतो, कारण एकाच पोर्टची वीज तो चौघांत वाटतो.

डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर यूएसबी पोर्टांशेजारी कधी कधी एक तीन पिनांचा जंपर असतो. त्याने पोर्टला मुख्य ५ व्होल्टची वीज द्यायची की स्टँडबायची, हे ठरतं. स्टँडबायची लाइन कमजोर असते. बोर्डाच्या पुस्तिकेत पाहून, मशीनची वायर भिंतीतून काढून, तो जंपर मुख्य लाइनवर हलवला की हट्टी डिस्कसुद्धा पुष्कळदा चालू लागते.

साडेतीन इंची डिस्कला स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर असतो, त्यामुळे हा त्रास होत नाही. तिथे धोका दुसराच आहे. घरात सारख्याच पिनेचे अडॅप्टर पडलेले असतात, आणि १२ व्होल्टच्या डिस्कला चुकून लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर लागला तर डिस्कचं बोर्ड जळतं. अडॅप्टरला आजच डिस्कच्या नावाची पट्टी चिकटवा. जुन्या मशीनला कायम जोडून ठेवायची असेल तर आम्ही साडेतीन इंचीच निवडू, आणि ने-आण असेल तर अडीच इंची. एसएसडीला फिरायचा झटका नसल्याने अशक्त पोर्टवर ती निमूट चालते, मात्र २.० वर मोठ्या फाइलींना जास्तीचा वेग मिळेल ही अपेक्षा ठेवू नका.

किती टीबीची डिस्क घ्यायची

३२ बिटचं विंडोज एक्सपी एमबीआर या जुन्या पद्धतीचं पार्टिशनच ओळखतं. एमबीआरमध्ये सेक्टरचा (डिस्कवरच्या सगळ्यात छोट्या कप्प्याचा) क्रमांक ३२ बिटांत लिहिला जातो आणि एक सेक्टर ५१२ बाइटचा. गुणाकार केला की २१,९९,०२,३२,५५,५५२ बाइट, म्हणजे २.२ टीबी. त्यापलीकडची जागा वापरताच येत नाही. मोठ्या डिस्क जीपीटी या नव्या पद्धतीने येतात, आणि अशी डिस्क एक्सपीला लावली तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'जीपीटी प्रोटेक्टिव्ह पार्टिशन' एवढंच दिसतं, त्यावर काहीही करता येत नाही. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजला डेटासाठी जीपीटी वाचता येतं.

म्हणून एक्सपी असेल तर १ किंवा २ टीबीची डिस्क घ्या. १ टीबीच्या जागी विंडोज ९३१ जीबी दाखवेल. त्यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या.

२ टीबीपेक्षा मोठ्या काही एक्स्टर्नल डिस्क एक्सपीवर चालतात, कारण त्यांच्या डबीतलं (बाहेरच्या कवचातलं) सर्किट कॉम्प्युटरला ४०९६ बाइटचे सेक्टर दाखवतं आणि एमबीआरची मर्यादा आठपट वाढते. सोय चांगली, पण तिचे दोन तोटे आहेत. विंडोज ७ ची सिस्टीम इमेज अशा डिस्कवर घेता येत नाही. आणि डबीचं सर्किट गेल्यावर आतली डिस्क थेट जोडली तर पार्टिशनचा हिशेबच जुळत नाही, डेटा शाबूत असूनही डिस्क रिकामी दिसते.

पार्टिशन शक्यतो नव्या कॉम्प्युटरवर करा

यामागचं कारण नेमकं आहे. एक्सपी पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करतं, म्हणजे ३२,२५६ व्या बाइटपासून. आजच्या डिस्क आतून ४०९६ बाइटच्या सेक्टरच्या असतात आणि ३२,२५६ ला ४०९६ ने पूर्ण भाग जात नाही. परिणामी फाइल सिस्टीमचा (डिस्कवर फाइली मांडण्याच्या व्यवस्थेचा) प्रत्येक तुकडा डिस्कच्या दोन सेक्टरांवर पसरतो, आणि एक लिहायचा तर डिस्कला दोन वाचून, बदलून, पुन्हा लिहावे लागतात. डिस्क बिघडत नाही, पण लिहिण्याचा वेग फार पडतो, विशेषतः छोट्या फाइलींचा. व्हिस्टापासूनचं विंडोज पार्टिशन १ एमबीच्या सीमेवर सुरू करतं, आणि असं केलेलं पार्टिशन एक्सपी विनातक्रार वाचतं.

विंडोज ७ किंवा १० च्या मशीनवर हे असं करा:

१. डिस्कमध्ये कंपनीने काही सॉफ्टवेअर दिलं असेल आणि ते हवं असेल, तर आधी दुसरीकडे कॉपी करून ठेवा. पुढच्या पायऱ्यांत सगळं पुसलं जाणार आहे.

२. बाकीचे पेन ड्राइव्ह आणि डिस्क काढून ठेवा. 'कॉम्प्युटर'वर राइट क्लिक, 'मॅनेज', 'डिस्क मॅनेजमेंट'. खालच्या भागात डिस्क ० बहुधा आतली असते. पण क्रमांकावर विसंबू नका, आकार पाहून खात्री करा.

३. एक्स्टर्नल डिस्कच्या प्रत्येक पार्टिशनवर राइट क्लिक करून 'डिलीट व्हॉल्यूम'. सगळी पट्टी 'अनअलोकेटेड' व्हायला हवी. आधी मॅकवर वापरलेल्या डिस्कवर २०० एमबीचं एक पार्टिशन असतं, ते इथून पुसलं जात नाही. त्यासाठी 'डिस्कपार्ट' हा कमांड टाइप करायचा प्रोग्रॅम उघडून डिस्कची यादी पाहायची, नेमकी डिस्क निवडायची आणि 'क्लीन' द्यायचं. 'क्लीन' काहीही न विचारता सगळं पुसतं. निवडलेल्या डिस्कचा आकार दोनदा वाचल्याशिवाय एंटर दाबू नका.

४. डावीकडे डिस्कचा क्रमांक लिहिलेल्या राखाडी चौकटीवर राइट क्लिक, 'कन्व्हर्ट टू एमबीआर डिस्क'. हा पर्याय दिसत नसेल आणि त्याजागी 'कन्व्हर्ट टू जीपीटी' दिसत असेल तर डिस्क आधीच एमबीआर आहे.

५. मोकळ्या पट्टीवर राइट क्लिक, 'न्यू सिंपल व्हॉल्यूम'. एनटीएफएस निवडा, अलोकेशन युनिट 'डीफॉल्ट'च ठेवा, ओळखू येईल असं नाव द्या.

६. डिस्क नवी असेल तर 'क्विक फॉरमॅट' पुरे. वापरलेली असेल तर ती खूण काढा. व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहितो, त्यामुळे डिस्कची परीक्षाही होते. २.० च्या पोर्टवर १ टीबीला त्यासाठी नऊ तासांहून जास्त लागतील.

एकापेक्षा जास्त पार्टिशन हवीच असतील तर तीनपर्यंत ठेवा, म्हणजे ती सगळी प्रायमरी राहतात. नव्या विंडोजने केलेलं एक्स्टेंडेड पार्टिशन एक्सपीच्या डिस्क मॅनेजमेंटमधून हाताळलं तर आतले लॉजिकल ड्राइव्ह नाहीसे होऊ शकतात. खरं तर बॅकअपच्या डिस्कवर एकच पार्टिशन आणि नीट लावलेले फोल्डर एवढंच पुरतं.

नवा कॉम्प्युटर हाताशी नसेल तर जीपार्टेड हा पार्टिशनचा प्रोग्रॅम असलेली लिनक्सची लाइव्ह सीडी वापरा आणि 'अलाइन टू' मध्ये 'एमआयबी' निवडा. तेही जमत नसेल तर एक्सपीवरच करा. विझार्ड 'कन्व्हर्ट' करायचं का असं विचारेल, तिथे खूण करू नका, त्याने डिस्क डायनॅमिक होते.

फाइल सिस्टीमबद्दल थोडक्यात. फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस. फॅट ३२ मध्ये ४ जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल बसत नाही, आणि विंडोजचं फॉरमॅट ३२ जीबीपुढे तो पर्यायच देत नाही. मॅकशी देवाणघेवाण असेल तर एक्सफॅट चालतं, पण एक्सपीला त्यासाठी वेगळं अपडेट लागतं आणि मॅकला किमान १०.६.५. एक्सफॅटमध्ये बदलांची नोंदवही नसते. लिहिणं चालू असताना केबल निघाली तर एनटीएफएस सहसा सावरतं, एक्सफॅटचं सांगता येत नाही. मॅक एनटीएफएस वाचतो, लिहीत नाही. लिनक्सवर दोन्ही चालतात, मात्र एक्सफॅटचा आधार कर्नलमध्येच आला तो ५.४ पासून, २०१९ मध्ये.

जोडल्यावर दिसत नाही, किंवा मशीनच सुरू होत नाही

डिस्क फिरते, 'सेफली रिमूव्ह'च्या यादीत नाव येतं, पण माय कॉम्प्युटरमध्ये ड्राइव्ह नाही. एक्सपीमध्ये याचं नेहमीचं कारण अक्षरांची टक्कर असतं. नेटवर्क ड्राइव्हने घेतलेलं अक्षरच एक्सपी नव्या डिस्कला देतं आणि ती त्यामागे लपते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये पार्टिशनवर राइट क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर' मधून आर किंवा त्यापुढचं अक्षर द्या.

'डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का?' असा प्रश्न आला आणि डिस्कवर डेटा आहे हे तुम्हाला माहीत आहे, तर उत्तर प्रत्येक वेळी 'नाही'. मशीनला डिस्क वाचता आली नाही, इतकाच त्याचा अर्थ. एक्सफॅटचं अपडेट नसलेल्या एक्सपीवर किंवा वीज कमी पडल्यावरही हाच प्रश्न येतो. केबल बदला, पोर्ट बदला, दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून पाहा. सगळीकडे तोच प्रश्न आला तरच फाइल सिस्टीम बिघडली असं मानायचं, आणि तेव्हाही फॉरमॅट नाही, आधी डेटा काढायचा.

डिस्क लावलेली असताना मशीन काळ्या स्क्रीनवर अडकत असेल किंवा 'ऑपरेटिंग सिस्टीम मिसिंग' म्हणत असेल, तर बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डवरचा प्रोग्रॅम) त्या डिस्कवरून सुरू होण्याचा प्रयत्न करत आहे. बायोसमध्ये बूटच्या क्रमात आतली डिस्क पहिली ठेवा आणि यूएसबी खाली न्या किंवा काढा. 'यूएसबी लेगसी सपोर्ट' बंद केल्यानेही काम होतं, पण मग यूएसबी कीबोर्ड बायोसमध्ये चालणार नाही, म्हणून गोल पिनेचा कीबोर्ड हाताशी हवा. सगळ्यात सोपं म्हणजे विंडोज पूर्ण सुरू झाल्यावरच डिस्क लावायची.

बराच वेळ न वापरल्यावर डिस्क गायब होत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक 'यूएसबी रूट हब'च्या 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये जाऊन वीज वाचवण्यासाठी डिव्हाइस बंद करण्याची परवानगी काढून टाका.

कॉपी करताना

कट-पेस्ट कधीही नाही. कॉपी करा, तपासा, आणि मगच मूळ पुसायचं की नाही ते ठरवा. एक्सपीचं साधं कॉपी एका खराब फाइलवर अडलं की सगळं काम सोडून देतं आणि कुठवर आलं तेही सांगत नाही. त्यामुळे मोठा डेटा फोल्डरनिशी, २० ते ३० जीबीच्या टप्प्यांत हलवा, किंवा रोबोकॉपी ही कॉपी करणारी कमांड वापरा. ती व्हिस्टापासून विंडोजमध्येच आहे, एक्सपीला विंडोज सर्व्हर २००३ च्या रिसोर्स किटमधून मिळते. पुन्हा प्रयत्नांची संख्या दोन आणि मधली विश्रांती पाच सेकंद अशी ठरवून द्या. मुळातला आकडा दहा लाख प्रयत्नांचा आहे, एका खराब फाइलवर ती जवळजवळ वर्षभर घुटमळेल. आरसा बनवणारा 'मिर' हा स्विच समजून घेतल्याशिवाय देऊ नका, मूळ फोल्डरात नसलेलं सगळं तो बॅकअपमधून पुसतो.

नंतर दोन्हीकडच्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये फाइलींची संख्या आणि बाइटमधला आकार जुळवा. 'साइज ऑन डिस्क' जुळणार नाही, त्याकडे लक्ष देऊ नका. काही फाइल मुद्दाम उघडून पाहा, त्यात सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जुनी हवीच.

केबल काढण्याआधी 'सेफली रिमूव्ह' करा. 'आत्ता थांबवता येत नाही' असं आलं तर उघड्या खिडक्या बंद करा, अँटिव्हायरसचं स्कॅन चालू आहे का पाहा. तरीही ऐकत नसेल तर मशीन रीतसर शटडाऊन करा आणि मग केबल काढा.

डिस्कवर नजर ठेवणं

क्रिस्टलडिस्कइन्फो हा छोटा प्रोग्रॅम डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेल्या नोंदी दाखवतो. तीन ओळी महत्त्वाच्या: ०५ म्हणजे बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे संशयित सेक्टर, सी६ म्हणजे वाचताच न आलेले. तिन्हींचा मूळ आकडा शून्य असावा. ०५ मध्ये थोडा आकडा असून तो महिनोन्महिने तसाच असेल तर डिस्क दुय्यम कामाला चालेल. सी५ वाढत असेल तर त्याच दिवशी डेटा काढायला घ्या. जुन्या डब्यांतली काही सर्किट या नोंदी बाहेर देतच नाहीत, तेव्हा आवाज आणि वेग यांवरूनच अंदाज करावा लागतो.

फाइल सिस्टीम दुरुस्त करायची तर ड्राइव्हच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'टूल्स', 'चेक नाऊ' आणि फक्त पहिली खूण. खराब सेक्टर शोधणारी दुसरी खूण आजारी डिस्कवर अजिबात करू नका, ती संपूर्ण डिस्क खरवडून काढते आणि जे थोडं आयुष्य उरलं आहे ते त्यातच संपतं. अशा डिस्कवरून आधी ज्याची दुसरी प्रत नाही ते उतरवा, मग बाकीचं. लिनक्स जमत असेल तर डीडीरेस्क्यू वापरा, ती सहज वाचता येणारे भाग आधी घेते आणि अवघड जागांकडे शेवटी वळते.

एक्स्टर्नल डिस्कवर ठेवलेली आणि इतर कुठेही नसलेली फाइल म्हणजे बॅकअप नव्हे, ती फक्त जागा बदललेली मूळ फाइल आहे. दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर हवी, आणि ती काम नसताना मशीनपासून सोडवून ठेवलेली हवी. सुरक्षेची अपडेट बंद झालेल्या विंडोजला सतत जोडलेली डिस्क, व्हायरस आला तर मशीनबरोबरच जाते.

डबी उघडून आतली डिस्क वाचवण्याचा विचार कधी ना कधी येतोच. साडेतीन इंची डब्यांत बहुधा साधी साटा (आयडीईनंतर आलेल्या जोडणीची) डिस्क असते आणि दुसऱ्या अडॅप्टरने ती जोडता येते. अडीच इंचीपैकी पुष्कळ नव्या डिस्कांत यूएसबीचा पोर्ट डिस्कच्या बोर्डावरच असतो, तिथे साटाचा कनेक्टर सापडत नाही. काही डब्यांचं सर्किट डेटा सांकेतिक करून लिहितं, पासवर्ड ठेवलेला नसला तरी, आणि तेच सर्किट नसेल तर आतलं काहीच उलगडत नाही. त्यामुळे डिस्क नीट फिरत असून फक्त पोर्ट तुटला असेल, तर डबी फोडण्याऐवजी तो पोर्ट नव्याने डाग देऊन बसवून घ्या.